ब्रेकवरचा पाय

"बकेट मधेच टांगून कुठं गेला हा?" विहिरीच्या तळातून थोरला ओरडला. "आमच्या डोक्यावर काय झुंबर लावलंय का?"

काठावर उभ्या असलेल्या धाकटीला त्याचं तोंड दिसत नव्हतं. खाली नुसता अंधूक गोल दिसत होता आणि त्यात दोन डोकी हलत होती. त्यातलं एक थोरल्याचं, दुसरं त्याच्या मेहुण्याचं. त्यांच्या वर, निम्म्या वाटेवर, दगडांनी भरलेली लोखंडी बकेट तारेच्या दोराला लटकून हळूहळू फिरत होती.

"आले, आले," धाकटी ओणवी होऊन म्हणाली. "पाणी प्यायला गेलेत."

"प्यायला नाही, सोडायला गेला असेल. पैलवानाला म्हणावं, नळाचा वायसर बदलून घे एकदाचा."

मेहुणा खो खो हसला. विहिरीत हसू घुमतं. खालून एक जण हसला तरी वर जत्रा हसल्यासारखं वाटतं. झुडपामागून पैलवान, थोरल्याचा भाऊ आणि धाकटीचा नवरा, पायजम्याची नाडी बांधत बाहेर आला तेव्हा ते हसू त्याला पुरतं ऐकू गेलं. तो यारीच्या लोखंडी सीटवर बसला, दोराच्या ड्रमला अडकवलेली खिटी काढली, क्लच ओढला, आणि इंजिनाने काळा धूर सोडत बकेट वर आणली.

यारी या घराची होती. विहिरीतला दगड वर ओढायचं हे यंत्र बापाने घेतलं होतं आणि बापाच्या माघारी थोरल्याने गावोगाव फिरवलं होतं. यंदा उन्हाने विहिरींचे तळ उघडे पाडले होते आणि जो तो आपली विहीर पाऊस यायच्या आत खोल करून घ्यायला निघाला होता. या विहिरीचा मालक तर छत्री घेऊन दिवसभर काठावर उभा राहायचा. आपली माणसं दगड फोडतायत की आपल्याला फसवतायत, यावर त्याचा डोळा असायचा. सुरुंगाने फुटलेला दगड थोरला आणि मेहुणा खाली भरायचे, पैलवान वर ओढायचा, धाकटी दोर धरून यारीचा हात काठावर वळवून घ्यायची आणि बकेट उलटी करायची. इंजिनाचं तेल, ग्रीस, दोर, ब्रेक, सगळं काकाकडे. काका म्हणजे या भावांच्या बापाचा सख्खा भाऊ. हाडं दिसायची त्याची, पण हाडं भलती चिवट.

यारीच्या सीटवरच्या माणसाला मान असतो. त्याच्या पायाखाली ब्रेक असतो आणि ब्रेकने धरलेल्या दोराला खालच्या माणसांचा जीव. ती सीट पैलवानाला बापाने दिली होती आणि मेहुणा गेली दोन वर्षं तिच्याकडे मांजर दुधाकडे बघतं तसं बघत होता.

उन्हं चढली तशी चहाची वेळ झाली. धाकटीने तीन दगडांवर दोन पातेल्या चढवल्या. एक मोठी, गोड. एक लहान, बिनसाखरेची.

"काकांची शुगर काय म्हणते?" वर आलेल्या थोरल्याने घाम पुसत विचारलं.

"म्हणते काय, बसलीय आपली मांडी घालून," काका म्हणाला.

"आयुष्यभर गोड खाल्लं, आता भोगा. धाकटे, काकांच्या चहात साखरेचा कणही जाता कामा नये."

धाकटीने मान खाली घालून कप भरले. काका आपला कप घेऊन इंजिनाच्या मागे गेला, पैलवान ऑइल बघायच्या निमित्ताने मागोमाग गेला. इंजिनाआड दोघांनी कप बदलले. काकाने गोड चहा दोन घोटांत संपवला आणि पैलवानाने तोंड वाकडं करत कडू.

काकाला शुगर नव्हती. काकाला काहीच नव्हतं. दगड खाल्ला असता तरी पचवला असता त्याने.

आजार पैलवानाला होता. हिवाळ्यात डाव्या पायाच्या अंगठ्यावर दगड पडला होता, ती जखम भरेचना, म्हणून धाकटीने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरने आधी जखम बघितली, मग दंडाला पट्टा बांधला, मग रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं, "वय काय तुमचं?"

"एकतीस."

"हे तुमच्या रक्ताला कुणी सांगितलंय का?" डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाला. "प्रेशर वाढलेलं, साखर वाढलेली, रक्तात चरबी. एकेकटं असतं तर बरं होतं. तिघं मिळून तुमच्या नसा पोखरतायत. वडील कशाने गेले?"

"ऊन लागलं. यारीवर बसले होते, बसल्या बसल्या गेले."

"ऊन," डॉक्टर म्हणाला. त्याने तो शब्द असा उच्चारला की ते ऊन नव्हतं हे धाकटीला तिथेच कळलं. मग त्याने पैलवानाच्या पोटावर बोट टोचून दरवाजात उभ्या पेशंटांसमोर झाडलं. हे काय पैलवानाचं पोट आहे का, दिवसभर बसून खाता, तरणी पोरं तुम्ही, लाज वाटते का. पैलवान आयुष्यात कुणाचं ऐकून घेणारा नव्हता, पण तिथे स्टुलावर उघड्या अंगाने बसून त्याने सगळं ऐकून घेतलं.

गोळ्या तीन होत्या. घरी येताना वाटेतच त्याने तिला बजावलं, "दादाला कळलं तर बघ."

दादाला कळलं तर काय होईल हे तिलाही ठाऊक होतं. मागल्या हंगामात खाली काम करणाऱ्या एका गड्याला खोकला झाला, तर थोरल्याने त्याला भर दुपारी घरी धाडला होता. "दुखणाईत माणूस यारीवर नको," तो म्हणाला होता. "दुखणं याचं आणि मरायचं आम्ही." आणि तरण्या माणसाला प्रेशर, शुगर हे थोरल्याला पटलंच नसतं. ती म्हाताऱ्यांची दुखणी. कामचुकार माणूस तेवढी ती आधीच अंगाला लावून घेतो, असं त्याचं मत.

मग काकानेच वाट काढली. पैलवानाला त्याने खांद्यावर घेऊन वाढवलेलं, त्याचा जीव होता त्याच्यावर. "गोळ्या माझ्या डब्यात ठेव," काका म्हणाला. "विचारलं कुणी तर माझ्या म्हणून सांगू. माझं काय, माझं वयच आहे शुगरचं." तेव्हापासून काका दुखणेकरी झाला आणि पैलवान धडधाकट राहिला.

पण गोळ्या घ्यायचीही एक तऱ्हा झाली होती. प्रेशरची गोळी घेतली की सारखी लघवी लागायची. म्हणून तो ती कामाच्या दिवशी घ्यायचाच नाही, काम बंद असेल तेव्हा घ्यायचा. तरी साखरेमुळे उठावं लागायचंच, म्हणून उन्हात पाणी प्यायचा नाही. ओठ फुटले होते, डोकं ठणकायचं. धाकटी ओरडायची, तो तिच्यावर ओरडायचा. एवढाच त्यांचा संसार उरला होता.

त्या दिवशी संध्याकाळी काम उरकल्यावर तो पालाबाहेर पाण्याच्या पिंपाला टेकून बसला होता. धाकटी त्याचे पाय धूत होती. नको म्हणायचा, पण अंगठ्याची जखम तिने रोज बघायची असं डॉक्टरने सांगितलं होतं. डावा पाय धुऊन झाला, आज तिने उजवाही मांडीवर घेतला, आणि तिच्या तळहाताला काहीतरी टोचलं.

काटा होता. बाभळीचा, बोटाच्या पेराएवढा. तळव्यात बुडापर्यंत रुतलेला, आणि भोवताली कातडी पांढरी पडलेली. आजचा नव्हता.

"हा कधी लागला?"

"कुठला?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तो खरंच विचारत होता. तिने काटा नखांनी धरून उपसला. काळं रक्त आलं, त्यामागून पू. पैलवान समोरच्या इंजिनाकडे बघत जांभई देत होता.

"दुखलं?"

"काय केलंस?"

धाकटीने काटा तळहातावर ठेवून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने तो बोटांत धरून उलटसुलट केला. मग म्हणाला, "उजव्याला जरा बधिरपण आलंय. जाईल."

"या पायाने तुम्ही ब्रेक दाबता."

"मग?"

"मग म्हणजे? पायडलवर पाय आहे का नाही ते कळतं का तुम्हाला?"

"डोळे आहेत मला. बघतो की."

आता तिला उमगलं की बकेट खाली सोडताना हल्ली तो मधेच मान का खाली घालतो. तिला वाटायचं डोकं दुखतंय. तो पाय बघत असायचा, जागेवर आहे की नाही म्हणून. तिला त्याचा असा राग आला की हातातला तांब्या त्याच्या डोक्यात घालावा.

"भाऊजींना सांगा. उद्या सकाळी सांगा."

"आणि काय करू? घरी बसून तुझ्या बांगड्या भरू? सीटवर कोण बसेल ठाऊक आहे ना? तो मेहुणा. दात काढत बसेल. या पायांनी मला विहिरीत उतरता येत नाही, वर बसता येणार नाही. मग मी कोण या घरात?"

"जिवंत माणूस."

"तोंड बंद ठेव," तो म्हणाला. त्याने पाय तिच्या मांडीवरून ओढून घेतला. "तुला आधीपासून दादाचं काही बघवत नाही. आता बरा पुळका आला."

ते मात्र खरं होतं. थोरला तिला डोळ्यांसमोर नको असायचा. त्याचं हिणवणं, मालकासमोर तिला 'ए' म्हणून हाक मारणं, जेवताना भाकरी नीट भाजली नाही म्हणून ताट सरकवणं. पण माणूस नकोसा असणं वेगळं आणि त्याच्या डोक्यावर दगड टांगून ठेवणं वेगळं. ती तांब्या घेऊन उठली. सकाळी आपणच बोलायचं असं तिने ठरवलं, आणि सकाळी थोरला उठल्या उठल्या चुलीतल्या ओल्या लाकडावरून तिच्यावर घसरला, तेव्हा ती पुन्हा गप्प बसली.

सुरुंगाचा दगड पहाटेच फुटला होता. मालक छत्री उघडून "हात चालवा, हात चालवा" करत होता. काकाने पायडलच्या सांध्यांना तेल दिलं आणि तो बाजूला झाला. मेहुणा आधी खाली गेला. मग थोरला बकेटमध्ये उभा राहिला, दोर धरला आणि म्हणाला, "सोड."

पैलवानाने खिटी काढली. बकेट नेहमीसारखी सावकाश निघाली. धाकटीची नजर बकेटवर नव्हती, नवऱ्याच्या पायावर होती. आणि तिने बघितलं. त्याची टाच पायडलच्या कडेवरून सरकली. पाय बाजूच्या लोखंडी पट्टीवर गेला आणि त्या पट्टीलाच तो सगळ्या ताकदीने दाबत राहिला. त्याची नजर पुढे, चेहरा शांत. त्याच्या हिशोबाने ब्रेक लागलेला होता.

ड्रम गरकन फिरला. दोर सणसणत गेला. खालून थोरल्याची किंकाळी आली, शब्द नसलेली. धाकटी ओरडली, "पाय!" पैलवानाने खाली बघितलं, पाय उचलून पायडलवर आदळला, आणि यारी बुडापासून हादरून थांबली.

क्षणभर नुसतं इंजिन बोलत होतं.

"दादा?" पैलवान म्हणाला. 

"वर घे," खालून आलं. "आधी वर घे मला."

थोरला वर आला तेव्हा त्याच्या हनुवटीवरून रक्त येत होतं. बकेटच्या कडीवर आपटला होता. पाय जमिनीला लागले तसा तो तिथेच मातीत बसला. मग उठला, आणि थेट काकाकडे गेला.

"ब्रेकचे लायनर कुणी बसवले?"

"मी," काका म्हणाला.

"तेल कुठं सांडलंत? ब्रेकवर सांडलंत ना?"

"नाही रे बाबा. सांध्याला दिलं फक्त."

"दिसतं का तुम्हाला? शुगरने डोळे जातात म्हणतात, तुमचे गेलेत. हातात नट धरवत नाही आणि माझ्या ब्रेकला हात लावता!" थोरल्याने काकाचा हत्यारांचा डबा उचलून भिरकावला. पाने, हातोडी, गोळ्यांच्या पट्ट्या, सगळं मातीत विखुरलं. "मारला असतात मला. चला, उचला हे आणि निघा घरी. पुन्हा या यंत्राजवळ दिसू नका. तुमच्या वयाची आणि दुखण्याची दया केली हीच माझी चूक."

मालक मान डोलावत म्हणाला, "म्हातारी माणसं कामावर घ्यायचीच नसतात."

काकाने एकदा पैलवानाकडे बघितलं. पैलवान सीटवर बसून होता, दोन्ही हात लिव्हरवर, नजर इंजिनावर. काका खाली वाकला आणि एकेक पाना मातीतून उचलायला लागला.  गोळ्यांच्या पट्ट्या त्याने धोतराला पुसून डब्यात ठेवल्या, जशा काही त्याच्याच.

धाकटीला ते बघवेना.

"काकांना शुगर नाही," ती म्हणाली.

थोरला वळला. "काय?"

"त्या गोळ्या काकांच्या नाहीत. यांच्या आहेत." तिने सीटकडे बोट केलं. "प्रेशर, शुगर, चरबी, सगळं यांना आहे. उजवा पाय मेलाय यांचा. ब्रेक चांगला आहे, भाऊजी. पाय सरकला. मी बघितलं."

मला कुणीतरी वर घ्या म्हणून मेहुणा खालून हाका मारत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. थोरल्याने भावाकडे बघितलं. सहा फुटी देह, मानेला वळ्या, मनगटं खांबासारखी.

"पैलवान, काय म्हणते ही?"

"खोटं बोलते," पैलवान म्हणाला. "काकांना वाचवायला बोलते."

"याला शुगर?" थोरला हसला, पण हनुवटी दुखली तसं हसू मोडलं. "एकतिसाव्या वर्षी? धाकटे, तुला घरी जायचंय ना? काम नकोय ना तुला? म्हणून नवऱ्याला आजारी पाडतेस. मला वाटतच होतं. घरात आल्यापासून फूट पाडायला बघतेस."

"काका, तुम्ही तरी सांगा."

काका पाने उचलत राहिला. त्याने शब्द दिला होता आणि ज्याला दिला होता तो समोर बसून खोटं बोलत होता.

धाकटीने पदर खोचला. काठावर टेकलेली बकेट रिकामीच होती. ती तिच्यात चढली. बाई बकेटमध्ये चढलेली आजवर कुणी बघितली नव्हती. मालकाची छत्री कलली.

"ए, उतर खाली," थोरला म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. दोन्ही हातांनी दोर धरला आणि नवऱ्याला म्हणाली, "मी खोटं बोलते ना? मग घ्या वर, आणि सोडा मला खाली. मान खाली न घालता सोडा. तळाला लागले की सगळ्यांसमोर भाऊजींचे पाय धरते."

"वेड लागलंय तुला."

"सोडा."

"दाखव रे तिला," थोरला म्हणाला. "एकदाची खोड मोडू दे." आणि यारीचा हात वळवायचा दोर त्याने स्वतः धरला.

पैलवानाने क्लच ओढला. बकेट उचलली गेली. थोरल्याने दोर सैल केला तसा यारीचा हात वळला आणि धाकटी विहिरीच्या मधोमध आली. पायाखाली लोखंडाचा एक पत्रा आणि त्याखाली काही नाही. खालून थंड हवा येत होती. तिला भीती वाटत होती, पण नजर तिने नवऱ्यावरून हलवली नाही.

त्याने पाय ब्रेकवर ठेवला. तिच्याकडे बघितलं, मग पायाकडे बघितलं. पुन्हा तिच्याकडे बघितलं. डोळे एक तर तिच्यावर ठेवता येत होते नाहीतर पायावर, आणि दोन्हीकडे ठेवल्याशिवाय तिला खाली सोडणं शक्य नव्हतं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. त्याचा हात खिटीपर्यंत गेला, थांबला, पुन्हा गेला.

"सोड ना," थोरला म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

पैलवानाने हात मागे घेतला आणि इंजिन बंद केलं.

एवढी शांतता त्या शिवारात कित्येक दिवसांत झाली नव्हती. थोरला भावाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग सगळं एकदम आलं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मी रोज खाली जात होतो," थोरला म्हणाला. "रोज, तुझ्या पायावर." मग त्याची मान विहिरीकडे वळली. "आणि तुला ठाऊक होतं."

"पायाचं काल कळलं. दुखण्याचं ठाऊक होतं," टांगलेली धाकटी म्हणाली.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही यांना हाकललं असतं."

"असतं," थोरला म्हणाला. "आता हाकलतोच. उतर रे खाली. ती सीट सोड. बापाची सीट आहे ती, तिच्यावर बसून भावाला मारायला निघालास! आज खाली मी मेलो असतो आणि तू म्हणाला असतास, ब्रेक घसरला. या म्हाताऱ्याच्या माथी मारून मोकळा झाला असतास!"

त्याने दोर खेचून यारीचा हात काठावर आणला, धाकटी उडी मारून उतरली तर तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पैलवान सीटवरून उतरला. त्याचं तोंड काळं पडलं होतं. तो धाकटीजवळ येऊन थांबला.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "बस आता मला जेवायला घालत."

तो कुणाकडे न बघता निघाला. वाटेत काल वर काढलेल्या सुरुंगाच्या दगडाचा ढीग पसरला होता, पात्याच्या धारेचा. तो त्यावरून ताठ मानेने, रागाने पाय आपटत चालला.

थोरला सीटजवळ आला तसं त्याच्या पायाला काहीतरी लागलं. त्याने खाली बघितलं. पायडलच्या शेजारी पैलवानाची उजव्या पायाची चप्पल पडली होती. त्याने मान वर केली. पुढे पांढऱ्या दगडांवर, एका आड एका पावलाला, लाल ठसा उमटत होता. चालणाऱ्याची चाल जराही बदलत नव्हती.

"अरे," थोरला म्हणाला. मग त्याने ती चप्पल उचलली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "थांब! थांब तिथंच! पाय टेकू नकोस!"

पैलवान थांबला. धारदार दगडावर सगळा भार देऊन तो मागे वळला.

"आता काय राहिलं?" त्याने विचारलं.